कोटिंग चांगलं होतं, तिथेच घोळ झाला

(दृश्य: उसाचा फड, वरून गेलेल्या टॉवरलाइनच्या तारा, बांधावर एक पिवळा खांब)

बांधावरचा हा खांब लोकांना सर्व्हेवाल्यांचा वाटतो, पण याला म्हणतात टेस्ट पोस्ट. खाली गॅसची स्टीलची पाइपलाइन गेलीये आणि तिला जोडलेली वायर या खांबात वर आणलेली असते. रीडिंग घेणारा माणूस आधी रबरी हातमोजे घालतो, मग मोरचूदाचं पाणी भरलेला हाफ सेल, म्हणजे मातीच्या तुलनेत पाइपचं व्होल्टेज मोजायची नळी, ओल्या मातीत टेकवतो, मग मीटर लावतो. आता हातमोजे कशाला, पाइपात तर गॅस आहे ना? गॅस आहेच, पण पाइपच्या पत्र्यात करंटही आहे आणि तो वरच्या तारांमुळे आलाय.

तारा पाइपला कुठेच टेकत नाहीत. पण तारेतला करंट सेकंदाला ५० वेळा पूर्ण उलटसुलट होतो, सोबत चुंबकक्षेत्रही हलतं, आणि शेजारून कितीतरी किलोमीटर समांतर गेलेला पाइप ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या वेटोळ्यासारखा वागायला लागतो. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेलं तेच हे. लोक विचारतात लाइन किती केव्हीची, २२० की ४००, पण इथे खरा प्रश्न अँपिअरचा आहे. म्हणून लोड बदलला की रीडिंग बदलतं. आणि गंमत म्हणजे व्होल्टेज बरेचदा सगळ्यात जास्त भरतं ते पाइप आणि लाइन जिथे एकमेकांची साथ सोडतात तिथे, मधोमध नाही.

हे इंजिनिअर लोकांना जुनंच माहीत होतं, पण भीती होती शॉकची. पाइपवरच्या व्होल्टेजला १५ व्होल्टची मर्यादा त्यातूनच आली. गंजाचं कुणी मनावर घेत नव्हतं, एसी, म्हणजे हा उलटसुलट होणारा करंट, अर्धा वेळ लोखंड काढतो आणि अर्धा वेळ परत बसवतो, मग नुकसान कसलं, असा सरळ हिशोब.

(दृश्य: रेल्वेच्या ओव्हरहेड तारा, शेजारी मोकळं रान)

१९८६ साली जर्मनीत हा हिशोब चुकला. तिथे टॉवरलाइन नव्हती, १६.७ हर्ट्झवर चालणारी इलेक्ट्रिक रेल्वे होती, पण प्रकार तोच. रुळांना समांतर गेलेली गॅसलाइन, जेमतेम सहा वर्षांची, वर पॉलिथिलीनचं नवं कोटिंग, गंजू नये म्हणून सोडलेला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंटही चालू, याला म्हणतात सीपी, कॅथोडिक प्रोटेक्शन, आणि तरी पाइप गंजून गेला.

मग लक्षात आलं की घोळ त्या चांगल्या कोटिंगमध्येच आहे. जुन्या डांबरी कोटिंगमधून करंट जागोजागी थोडाथोडा गळायचा, कुठेच साचायचा नाही. पॉलिथिलीन काही गळू देत नाही, आणि मग पाइप टाकताना एखादा दगड घासून जेवढा ओरखडा पडला असेल तेवढ्याच जागेतून सगळा करंट बाहेर पडतो. धरून चला १० व्होल्ट, म्हणजे शॉकच्या नियमात पास. कोटिंगला पडलेलं भोक एक चौरस सेंटिमीटर, मातीचा रोध २५ ओहम-मीटर, काळ्या ओल्या जमिनीत तर याहून कमी मिळतो. करंट येतो फक्त ९ मिलिअँपिअरच्या आसपास. पण तो एवढ्याशा जागेतून, म्हणजे चौरस मीटरला ९० अँपिअर झाले, आणि आंतरराष्ट्रीय मानक म्हणतं सरासरी ३० च्या खाली ठेवा. तिकडे सीपीचं रीडिंग उणे ०.८५ व्होल्टच्या पलीकडे, म्हणजे गंजाच्या नियमातही पास, कागदावर पाइप ठणठणीत!

मग सीपी वाढवावं का? अहो, तिथेच लोक फसतात. सीपी फार वाढवलं की भोकाभोवतीची माती अल्कधर्मी होते, बरेचदा तिचा रोध आणखी उतरतो, आणि एसीला रस्ता अजून मोकळा. बरं, पाइपला सरळ अर्थिंग द्यावं तर सीपीचा डीसीही जमिनीत निघून जातो. म्हणून पाइपशेजारी जस्ताची पट्टी पुरतात आणि मध्ये डीकपलर बसवतात, तो एसीला जाऊ देतो, डीसीला अडवतो.

(दृश्य: खड्डा, पाइपवर माती-खड्यांचा टणक गोळा)

खणल्यावर हे असं दिसतं. मातीचा दगडासारखा गोळा पाइपला चिकटलेला, तो ठोकून काढला की खाली गुळगुळीत गोल खळगा, मूळ ओरखड्यापेक्षा मोठा. प्रत्येक ठिकाणी असं खणणं काही शक्य नाही. म्हणून पाइपशेजारी एक चौरस सेंटिमीटर उघडा ठेवलेला स्टीलचा तुकडा पुरतात, वायरने पाइपलाच जोडलेला, त्याला कुपन म्हणतात. मुद्दाम केलेलं भोकच ते. त्यातून किती करंट जातो ते या खांबावरच मोजायचं, आणि काही काळाने तो तुकडा उकरून, घासून, वजन करून बघायचं किती खाल्ला गेलाय.