फुटपाथवरची घरं आणि आपला कॅमेरा

(दादर येथे नवशिक्या छायाचित्रकारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. नाव नोंदवताना तुम्ही जे प्रश्न लिहून दिलेत ते मी वाचले. लेन्स कोणती घ्यावी, हा एकदोघांचा. बाकी जवळजवळ सगळ्यांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारलंय: रस्त्यावर लोकांचे फोटो काढताना कोणी ओरडलं तर? तेव्हा तिथूनच सुरू करते. ओरडतात. मुंबईत तसे कमी ओरडतात, कारण इथे भांडायलासुद्धा कोणाला सवड नसते. पण "ए, फोटो कशाला काढतोस?" हे तुम्हाला कधी ना कधी ऐकावं लागणार. ते ऐकायचंच नसेल तर शिवाजी पार्कातल्या झाडांचे फोटो काढा. झाडंही छान आहेत.

या भीतीपोटी नवशिके काय करतात ते बघा. 70-300ची झूम, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, घेतात, रस्त्याच्या पलीकडे टपरीच्या आडोशाला उभे राहतात आणि तिथून भाजीवालीच्या चेहऱ्यावर लेन्स रोखतात. आपण कोणाला दिसत नाही असं त्यांना वाटतं. अहो, एवढं नळकांडं डोळ्याला लावलेला माणूस दादरच्या रस्त्यावर दिसणार नाही? आधी चहावाला बघतो, मग चहा पिणारे बघतात, मग कोणीतरी जाऊन भाजीवालीच्या कानावर घालतं. तोवर तुमच्याकडे फोटोग्राफर म्हणून कोणी बघत नसतं, पाळतीवर असलेला माणूस म्हणून बघत असतात. लोकांचा पारा चढतो तो बहुतेक वेळा या लपाछपीने. फोटोही बिघडतो. लांबच्या लेन्सने माणूस त्याच्या जागेपासून तुटतो. मागचं सगळं धूसर, पुढे मोठा चेहरा, आणि तो चेहरा दादरचा की दौंडचा हे कळायला मार्ग नाही.

म्हणून जवळ जा, आणि दिसेल असे उभे राहा. फोनवाल्यांना दुसरा पर्यायच नसतो. फोनची मुख्य लेन्स साधारण 24 ते 26 मिमीच्या तोडीची, त्यामुळे माणूस चौकटीत नीट यायला दोन पावलांवर जावंच लागतं. कॅमेरा असेल तर 28 किंवा 35 मिमीची लेन्स लावा, एफ/8 ठेवा (म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान), शटर 1/250 सेकंदाहून संथ होऊ देऊ नका, आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता ऑटोवर. फोकस हाताने तीन मीटरवर आणून सोडून द्या. फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 35 मिमी असेल तर साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं, आणि ऑटोफोकसच्या चौकोनाशी झटापट करण्यात क्षण जात नाही. पहाटेच्या अंधारात एफ/8 परवडणार नाही, छिद्र मोठं करून एफ/2.8 केलंत की स्पष्ट येणारा हा पल्ला बराच आक्रसतो, एवढं ध्यानात असू द्या. तांत्रिक भाग संपला. बाकीचं यूट्यूबवर ढिगाने आहे.

आता जागा. सुरुवातीला शहरभर भटकू नका, एकच जागा धरा. दादरचा फुलबाजार घ्या, स्टेशनच्या पश्चिमेला, पुलाखाली. पहाटे तिथे झेंडूच्या गोणी उतरत असतात, शेवंतीचे ढीग लागलेले असतात, पिवळ्या दिव्यांखाली भावाची घासाघीस चाललेली असते. (त्या दिव्यांत झेंडूचा केशरी रंग मातकट येतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगानुसार रंग जुळवणारी सेटिंग, ऑटोवर ठेवून कॅमेऱ्याच्या नावाने बोटं मोडू नका.) इथे पहिली शिकायची गोष्ट म्हणजे कुठे उभं राहायचं. डोक्यावर भरलेली पाटी घेतलेल्या हमालाला मध्येच थांबता येत नाही. थांबला की मान अवघडते, मागचा त्याच्यावर आदळतो, आणि शिव्या तुम्हाला बसतात. "फोटोवरून माझं भांडण झालं" असं सांगणाऱ्या कित्येकांना मी जरा खोदून विचारते, तेव्हा कळतं की स्वारी वाटेत उभी होती! फोटोचा संबंधच नव्हता. तेव्हा पुलाचा खांब पाठीशी घ्या, नाहीतर एखादं बंद शटर, आणि तिथे अर्धा तास उभे राहा. सुरुवातीला सगळे कॅमेऱ्याकडे बघतील. पोरं दोन बोटं दाखवतील. मग एखादं गिऱ्हाईक येईल आणि फुलवाली तुम्हाला विसरून जाईल, कारण तिला सकाळच्या दोन तासांत माल संपवायचाय. तुम्हाला हवा तो फोटो त्यानंतर सुरू होतो. अर्धा तास हातावर हात ठेवून उभं राहणं नवशिक्यांना फार जड जातं, ते सारखे सरकत राहतात. जो सरकतो त्याच्याकडे लोक पुन्हा नव्याने बघायला लागतात.

विचारून काढायचा की न विचारता? यावर लोक तावातावाने वाद घालतात. माझं म्हणाल तर, गर्दीची हालचाल टिपताना मी विचारत नाही. वीस जणांना विचारणार कसं? कोणाची नजर मिळाली तर मान हलवते, हसते, बस. पण एकटा माणूस, बसलेला माणूस, हातातल्या कामात गढलेला माणूस, त्याच्या समोर जायचं असेल तर विचारते. "मावशी, एक फोटो काढू का?" एवढंच. मग मावशी काय करतात? पदर नीट करतात, ताठ बसतात, शाळेच्या ग्रुप फोटोत असतात तसं तोंड करतात. इथे नवशिका हिरमुसतो, त्याला कँडिड, म्हणजे पोझ न देता टिपलेलं, हवं असतं ना. माझं सांगणं असं की तो ताठ फोटो आधी मनापासून काढा. तो मावशींचा फोटो आहे, त्यांना तसंच दिसायचंय. तो झाल्यावर लगेच पळू नका. त्या पुन्हा गजरा ओवायला लागतील, शेजारणीला काहीतरी बोलतील, तेव्हा दुसरा काढा. आणि पुढच्या आठवड्यात पहिल्याची प्रिंट नेऊन द्या. चार बाय सहाची प्रिंट फार महाग नसते, आणि त्यानंतर त्या गल्लीत तुमची ओळख आपोआप पसरते. पैसे मात्र देऊ नका. पैसे दिले की पुढच्या वेळी समोर माणूस बसलेला नसतो, मॉडेल बसलेलं असतं.

वेळ देण्याचं म्हणाल तर मेरी एलन मार्क या अमेरिकन छायाचित्रकार बाईंचं उदाहरण याच शहरातलं आहे. फॉकलंड रोडवर, म्हणजे आजच्या पठ्ठे बापूराव मार्गावर, वेश्यावस्तीतल्या बायकांचे फोटो काढायला त्या पहिल्यांदा गेल्या तेव्हा त्यांच्या अंगावर कचरा आला, पाणी आलं, चिमटे बसले. एकदा एका दारुड्याने तोंडावर मारलं. असं जवळपास दहा वर्षं अधूनमधून चाललं होतं. 1978 साली त्या पुन्हा आल्या आणि रोज तिथे जाऊन उभ्या राहायला लागल्या. हळूहळू काहीजणींना कुतूहल वाटलं, मग चहा आला, मग खोलीत बोलावणं आलं. त्या छायाचित्रांबद्दल आजही मतभेद आहेत, ती दाखवावीत की नाही यावर मलाही दोन्ही बाजू पटतात. पण बायकांनी दार उघडलं ते त्यांच्या मर्जीने, एवढं त्या फोटोंत दिसतं.

आता ज्यासाठी मी आज इथे आले ते बोलते. फोटोग्राफीच्या वर्गात एक वाक्य सर्रास सांगितलं जातं: सार्वजनिक ठिकाणी फोटो काढायला हरकत नाही. ढोबळ मानाने खरं आहे. पण मुंबईत सार्वजनिक ठिकाण म्हणजे काय? फुटपाथवर कोणीतरी तीन विटा मांडून भात शिजवतंय. पालिकेच्या नळावर एक बाई साडी अंगाभोवती घट्ट धरून आंघोळ उरकतेय. कोपऱ्यावर बाप पोराला मांडीवर घेऊन झोपलाय. मलबार हिलवरचा माणूसही आंघोळ करतो, जेवतो, तोंड उघडं टाकून झोपतो. त्याचा फोटो आपल्याकडे नसतो, कारण त्याच्याकडे भिंत आहे. आपल्या "स्ट्रीट" अल्बममध्ये सगळे गरीबच का असतात, याचं उत्तर बरंचसं या भिंतीत आहे.

हे लांबचं वाटत असेल तर गिरगावात या. हल्ली जुन्या चाळी बघायला लोक कॅमेरे घेऊन येतात. सामाईक गॅलरी, लाकडी कठडे, वाळत घातलेले कपडे, फार फोटोजेनिक. त्याच गॅलरीत तुमची आजी गाऊनवर बसून गहू निवडतेय आणि कोणी अनोळखी मुलगा जिना चढून येऊन तिचा फोटो काढून गेला, तर तुम्ही त्याला कलावंत म्हणाल? आजी त्याला काय म्हणेल ते मी इथे माइकवर सांगत नाही.

लेडीज डबा घ्या. रेल्वेचा म्हणजे सार्वजनिक. पण संध्याकाळच्या विरार लोकलच्या लेडीज डब्यात बायका मटार सोलतात, मेथी निवडतात, एकमेकींच्या वेण्या घालतात, सासूबद्दल बोलतात, आणि सीट मिळाली की डोकं खिडकीला टेकवून झोपतात. दिवसभरात कोणाची नजर अंगावर नाही असा कित्येकींचा तेवढाच एक तास असतो. मी बाई असल्यामुळे मला तिथे कॅमेरा घेऊन बसता येतं. म्हणून मला जास्तच जपावं लागतं.

तेव्हा कॅमेरा उचलण्याआधी मी स्वतःला विचारते: या माणसाकडे भिंत असती तर हा आत्ता तिच्यामागे असता का? असता, असं वाटलं तर विचारल्याशिवाय काढत नाही. झोपलेल्याला विचारता येत नाही, म्हणून झोपलेल्यांचे फोटो काढत नाही. यावर कोणी म्हणेल, मग गरिबी दाखवायचीच नाही का? जरूर दाखवा. पण ते काम रविवार सकाळच्या फेरफटक्यात होत नाही. त्यासाठी त्या माणसांचं नाव, गाव, त्यांना तिथून कितीदा हटवलं हे सगळं माहीत करून घ्यावं लागतं. एवढं केलंत तर ते स्वतःच सांगतील कशाचा फोटो काढ आणि कशाचा नको.

मुलींसाठी थोडं वेगळं. होमाई व्यारावाला हे नाव तुम्ही ऐकलं असेल. 1913चा जन्म, इथल्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात. पण साडी नेसून कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या बाईला कोणी गंभीरपणे घेत नसे, आणि त्यामुळे कुठेही शिरता यायचं, असं त्या पुढे सांगत. हा फायदा आजही थोडाफार मिळतो. मात्र मागे लागणारे, फुकटचे सल्ले देणारे, "माझा काढ ना" म्हणणारेही मिळतात. सुरुवातीला दोघीतिघींनी मिळून जा.

कायद्याचं थोडक्यात. 24 ऑगस्ट 2017ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. भारतीय न्याय संहितेचं कलम 77 बाईच्या खासगी कृतीचं चोरून चित्रण करणं हा गुन्हा मानतं, आणि ते चित्रण पसरवणंही. नौदलाचा परिसर, विमानतळ इथल्या पाट्या वाचा. 1875 साली बांधलेल्या ससून डॉकमध्ये कोळणींचे फोटो काढायची सगळ्यांना हौस असते. आधी परवानगीची चौकशी करा. जाहिरातीसाठी कोणाचा चेहरा वापरायचा असेल तर लेखी संमती घ्या.

खरा घोळ हल्ली फोटो काढण्यापेक्षा टाकण्यात होतो. फुलवाली हो म्हणाली ती समोर उभ्या असलेल्या तुम्हाला. तुमच्या इन्स्टाग्रामवरच्या लोकांना तिने पाहिलेलंही नाही. टाकणार असाल तर तसं तिला सांगा. लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय टाकू नका, आणि शाळेचं नाव दिसत असेल तर विचारूनही नकोत. आणि कृपा करून खाली "गरिबीतलं हसू" वगैरे लिहू नका. ती बाई का हसली ते तुम्हाला ठाऊक नाही. बहुधा तुम्हालाच हसली असेल.

*श्रोत्यांमधून प्रश्न: समोरच्याने फोटो डिलीट करायला सांगितला तर?*

करायचा. आपली बाजू कायद्यात बसते की नाही याची चर्चा फुटपाथवर करत बसू नका. त्याला स्क्रीन दाखवा, त्याच्या समोर डिलीट करा, सॉरी म्हणा. फोन असेल तर तेवढ्याने भागत नाही. आयफोनमध्ये डिलीट केलेला फोटो आणखी 30 दिवस वेगळ्या फोल्डरमध्ये पडून असतो, आणि हे आता लोकांना पक्कं माहीत झालंय. त्यांनी म्हणायच्या आधी तुम्हीच तो फोल्डर उघडा आणि तिथूनही काढून टाका.

*प्रश्न: फुलबाजारात कुठल्या दिवशी जावं?*

दसऱ्याच्या आदल्या रात्री तर मुळीच जाऊ नका, पाय ठेवायला जागा मिळणार नाही. मंगळवारीही नको, सिद्धिविनायकामुळे गर्दी असते. एखादा साधा बुधवार बघा. साडेपाचला पोचा, बॅग घरी ठेवा, कॅमेरा गळ्यात अडकवा, आणि खिशात सुटे पैसे असू द्या, म्हणजे निघताना पावशेर फुलं घेता येतील.