हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंद

पर्जन्यमापक हे दिसायला अगदी साधे उपकरण आहे. वर एक नसराळे, त्याखाली पाणी साठवणारी बाटली आणि मिलिमीटरच्या खुणा असलेले काचेचे मापक. चोवीस तासांत जे पाणी साठले असेल ते सकाळी मापकात ओतायचे, डोळे पाण्याच्या रेषेशी आणून आकडा वाचायचा आणि नोंदवहीत लिहायचा. अहिल्यानगर जिल्ह्यातील नगर तालुक्यात असलेल्या हिवरे बाजार या गावाचा वर्षाचा हिशेब या आकड्यांपासून सुरू होतो.

हा हिशेब थोडा जवळून पाहू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी पडते. हिवरे बाजारचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर आहे, म्हणजे काचेवरची ती बारीकशी रेघ गावाच्या शिवारात जवळजवळ एक कोटी लिटर पाण्याइतकी असते. वर्षभरात ३०० मिलिमीटर पाऊस झाला, तर गावात सुमारे २९३ कोटी लिटर पाणी पडले. परंतु एवढे सगळे पाणी गावाच्या हाती राहत नाही. काही उन्हाने उडून जाते, काही माती धरून ठेवते, काही ओढ्याने शिवाराबाहेर जाते, आणि उरलेले बंधाऱ्यांत साठते किंवा जमिनीत मुरून विहिरींना मिळते. विहिरींतील पाण्याची पातळी मोजून आणि साठ्यांचा अंदाज घेऊन हाती आलेले पाणी ठरवले जाते, आणि मग तो ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. गेली दोन दशके हे काम दरवर्षी चालू आहे.

ग्रामपंचायतीच्या प्रमुखाने गावाला वर्षाचा अहवाल द्यावा, ही अपेक्षा नवी नाही. पुष्कळ ठिकाणी तो अहवाल झालेल्या कामांची यादी असतो, आणि ऐकणाऱ्याला ती खरी की खोटी हे पडताळण्याचे साधन नसते. हिवरे बाजारच्या ताळेबंदाचे मोल मला इथे वाटते. यातला गुणाकार शाळकरी मुलाला करता येतो आणि आपल्या विहिरीत किती पाणी आहे हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. त्यामुळे पुढारी सांगतो तो आकडा गावाला तपासता येतो.

वाटपाचा क्रमही ठरलेला आहे. पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा, माणसांच्या आणि जनावरांच्याही. त्यानंतर घरातल्या इतर वापराचे पाणी. या दोन्ही गरजा भागल्यावर जे उरेल त्यातला सत्तर टक्के वाटा शेतीला दिला जातो आणि तीस टक्के पुढच्या काळासाठी जमिनीत राखून ठेवला जातो. पाऊस कमी झाला की रब्बीला कोणती पिके घ्यायची आणि उन्हाळी पीक घ्यायचे की नाही, याचा निर्णय ग्रामसभेत होतो. पाणी हाताशी असताना पेरणीचा मोह आवरणे हे शेतकऱ्यासाठी सोपे नसते. त्याचे वर्षाचे उत्पन्न त्यावर अवलंबून असते. तरीही ऊस आणि केळी ही भरपूर पाणी पिणारी पिके गावाने बंद केली, आणि शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी मुळातच थोडे मावते. खोल बोअर वर्षानुवर्षे साठलेले सामाईक पाणी उपसते, आणि एकाच्या बोअरला पाणी लागले की शेजारच्या विहिरी आटू लागतात. राज्याचा भूजल कायदा लागू झाला तो २०१४ मध्ये. हिवरे बाजारने स्वतःवर हे बंधन त्याच्या कितीतरी आधी घालून घेतले होते.

या गावाने १९७२ चा दुष्काळ सोसला होता. त्यानंतर डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, दारूने घरे पोखरली आणि कामासाठी माणसे बाहेर पडली. १९८९ मध्ये पोपटराव पवार हे वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले तरुण सरपंच म्हणून बिनविरोध निवडून आले. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि नसबंदी ही पंचसूत्री गावाने स्वीकारली, आणि नव्वदच्या दशकात राज्याच्या आदर्श गाव योजनेतून डोंगरउतारांवर समतल चर खोदले गेले, नालाबांध आणि पाझर तलाव झाले. १९९५ मध्ये सुमारे १८० कुटुंबांपैकी १६८ दारिद्र्यरेषेखाली होती, तिथे पुढे ही संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. चराईबंदीमुळे डोंगरावर गवत वाढले, ते कापून आणून जनावरांना घालता आले आणि दुधाचा धंदा उभा राहिला. बाहेर गेलेली कुटुंबे परतू लागली.

पाण्याच्या निमित्ताने लागलेली, मिळून ठरवण्याची आणि ठरलेले पाळण्याची सवय दुसऱ्या संकटातही उपयोगी पडली. २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाची दुसरी लाट गावागावांत पोहोचली तेव्हा हिवरे बाजारने स्वयंसेवकांची पथके केली, घरोघरी तपासणी केली, बाधितांना वेळेवर वेगळे ठेवले, आणि त्यांच्या शेतीची व जनावरांची कामे अडणार नाहीत याकडे लक्ष दिले. माझ्या मते यातली शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची होती. गोठ्यातल्या गाईची धार कोण काढणार, ही काळजी असली की माणूस ताप लपवतो. ती काळजी शेजाऱ्यांनी उचलली की तो तपासणीला स्वतःहून येतो. मे महिन्याच्या मध्यापर्यंत गाव कोरोनामुक्त झाले, आणि त्या वर्षी राज्यभर त्याचे उदाहरण दिले गेले.

पोपटरावांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. जानेवारी २०२१ मध्ये तब्बल तीस वर्षांनी गावात ग्रामपंचायतीसाठी प्रत्यक्ष मतदान झाले आणि सातही जागा त्यांच्या पॅनेलला मिळाल्या. काही जणांना ही लढत म्हणजे गावातल्या एकोप्याला गेलेला तडा वाटला. मला तसे वाटत नाही. इतकी वर्षे एकाच नेतृत्वाखाली चाललेल्या कारभाराला मतपेटीची कसोटी लागणे गावाच्या हिताचेच होते.

२०१९ च्या अखेरीस सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या अटल भूजल योजनेने पाण्याचा ताळेबंद महाराष्ट्रातल्या इतर अनेक ग्रामपंचायतींपर्यंत नेला. तिथे तक्ते भरले गेले, विहिरी मोजल्या गेल्या, जलसुरक्षा आराखडे तयार झाले. आता प्रश्न आहे तो हे आराखडे दप्तरात राहतात की ग्रामसभेत वाचले जातात याचा. पावसाळा सरल्यावर आणि रब्बीची पेरणी पुरी होण्याआधी ताळेबंद गावापुढे आला, तरच कोणते पीक टाळायचे यावर बोलणे होऊ शकते. पेरणी उरकल्यावर वाचलेल्या आकड्याने विहिरीतले पाणी वाचत नाही.