1180 – जेवण

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी एकेकाळी लाकडी पेटीचा रेडिओ होता. बटण पिरगाळलं की आधी नुसती डायल उजळायची. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग दुरून कुणी बोलत बोलत अंगणात यावं तसा आवाज मोठा होत जायचा. तेवढ्या वेळात आतले व्हॉल्व्ह तापत असायचे. आमच्या घरी, दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावात, असे दोन संच होते. एक ओसरीवर. त्याची सुई नागपूर केंद्रावर असायची, आणि ती कुणी हलवली तर बोलणी बसायची. दुसरा संच होता आतल्या खोलीत. तो नुसता ऐकवत नव्हता, तो बोलतही होता.

तो संच माझ्या मोठेबाबांचा. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. ते हॅम होते, म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, स्वतःची खूण मिळवायची, आणि घरी बनवलेल्या ट्रान्समीटरवरून जगातल्या दुसऱ्या हौशी माणसाशी बोलायचं. धंद्याचं बोलायचं नाही, पैसे घ्यायचे नाहीत. भारतातल्या या खुणा बहुतेक व्हीयू या अक्षरांनी सुरू होतात. त्या काळी परीक्षेत मोर्स, म्हणजे टिंब-रेघांत अक्षरं पाठवणं, यायलाच हवं होतं, ग्रेड दोनसाठी मिनिटाला 5 शब्द, ग्रेड एकसाठी 12. मोठेबाबा बैल हाकतानासुद्धा तुतारीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, दांडीवर बोटानं वाजवत चालायचे. डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा. सीक्यू. म्हणजे, आहे का कुणी ऐकणारं?

त्यांचा ट्रान्समीटर 7 मेगाहर्ट्झवर चालायचा, ज्याला आम्ही 40 मीटरचा पट्टा म्हणतो. दिवसा त्यावर चारपाचशे किलोमीटर सहज जातं, रात्री समुद्रापार. त्याला लागणारी एरियल म्हणजे तांब्याची तार, दोन्ही बाजूंना दहा दहा मीटर, कडुनिंबापासून चिंचेपर्यंत ताणलेली. आज ती कुठे ताणायची हा प्रश्नच आहे. आमच्या गावाकडच्या रस्त्यावरचे दोन्ही बाजूंचे कडुनिंब रुंदीकरणात गेले. रस्ता चांगला झाला, मान्य. पण शंभर वर्षांचं झाड तोडताना एक दिवसही विचार झाला नाही याचं मला अजून वाईट वाटतं. असो.

सुटे भाग यायचे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. पार्सल मूर्तिजापूरला उतरायचं, आणि तिथून आमच्या शकुंतलेनं, त्या नॅरोगेज गाडीनं, दारव्ह्याला. वाफेचं इंजिन होतं तेव्हा. मोठेबाबा बंडी जुंपून स्टेशनावर जायचे, आणि येताना पार्सल मांडीवर घेऊन बसायचे, कारण आत 807 नंबरचा व्हॉल्व्ह असायचा. महायुद्धात लष्करानं हा व्हॉल्व्ह अमाप वापरला, आणि युद्ध संपल्यावर लष्करी भंगारातून तो हौशी लोकांच्या हाती आला. काचेचा, डोक्यावर धातूची टोपी. त्या टोपीवर सहाशे व्होल्ट.

मोठेबाबा गेले. ट्रान्समीटर पोत्यात बांधून आटाळ्यावर गेला, कापसाच्या जुन्या गोण्यांमागे. बावीस वर्षं तिथेच होता. मी शाळेतून निवृत्त झालो, परीक्षा दिली, परवाना काढला, आणि मगच तो खाली उतरवला. हे क्रमानं सांगतोय कारण ट्रान्समीटर बिनपरवाना चालवता येत नाही. तुमच्या आटाळ्यावर असा एखादा संच निघाला तर आधी परवाना, मग सोल्डरिंग.

उंदरांनी वायरींचं कव्हर खाल्लं होतं. चासीला, म्हणजे संचाच्या पत्र्याच्या सांगाड्याला, गंज होता. ते सगळं मी महिनाभर साफ केलं. आणि मग ती चूक केली, जी तुम्ही करू नये म्हणून आज बोलतोय. मी प्लग सरळ बोर्डात घातला.

बावीस वर्षं बंद असलेल्या संचातले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, आतून बिघडलेले असतात. बरेचदा शॉर्टच झालेले असतात. एकदम पूर्ण वीज दिली की ते मागतील तेवढा करंट ट्रान्सफॉर्मरला द्यावा लागतो. चारेक मिनिटं झाली असतील. व्हॉल्व्हची वात लाल झाली म्हणून मी खुशीत होतो. मग वास आला. विहिरीवरची मोटर जळल्याचा वास तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. तोच वास. मी प्लग ओढला तोवर मोठेबाबांनी हातानं गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर जळाला होता.

जुना संच कधीही सरळ बोर्डात लावू नका. 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावा, म्हणजे संचाकडे जाणारी वीज आधी बल्बमधून जाऊ द्या. बल्ब भक्क पेटला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बल्ब एकदा उजळून मंद झाला तर पुढे जा. एलईडी चालत नाही, तारेचाच बल्ब हवा. म्हणून घरातला एक तरी जुना बल्ब जपून ठेवा. पुन्हा सांगतो, आधी बल्ब सिरीजमध्ये.

तो ट्रान्सफॉर्मर घेऊन मी दोन मोठ्या शहरांत फिरलो. एका ठिकाणी म्हणाले नवा घ्या, दुसऱ्या ठिकाणी त्यांनी तो हातातही घेतला नाही. शेवटी दारव्ह्याला आलो. मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, आमच्या भागातल्या अर्ध्या विहिरींच्या मोटरी तिथेच येतात. हरभरा-गव्हाच्या दिवसांत व्होल्टेज उतरतं, मोटरी जळतात, आणि त्या पोराच्या दुकानासमोर लोखंडाचा ढीग लागतो. पोर म्हणजे पस्तिशीचा माणूस, पण माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा. मी ट्रान्सफॉर्मर टेबलावर ठेवला. त्यानं पत्र्या बघितल्या, जळक्या कडा नखानं खरवडल्या.

म्हणाला, "सर, हे कोनी हातानं भरेल हाये जी. मशीनचं काम नाई हे."

मी म्हटलं, हो, माझ्या मोठेबाबांनी. होईल का?

"होईन. पन मोटरीचा सीजन हाये. मले वेळ द्या."

तीन आठवडे मी वाट पाहिली. मग एका दुपारी त्याचा फोन आला. "सर, तुमी येता का? यात काई तरी लिवून हाये."

मी गेलो. त्यानं काय केलं होतं, ते नीट सांगतो. ट्रान्सफॉर्मर पुन्हा भरायचा तर जुने टर्न, म्हणजे तारेचे वेढे, मोजावे लागतात, नाहीतर व्होल्टेज चुकतं. म्हणून तो बाहेरून आत, एकेक थर उलटा सोडवत, मशीनवर मोजत चालला होता. प्रत्येक थराच्या मध्ये बटर पेपर असतो. बाहेरचे कागद जळून कोळसा झाले होते. आतले नुसते तपकिरी झाले होते, आणि त्यांच्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. मोठेबाबांच्या अक्षरात.

सेकंडरीला, म्हणजे जास्त व्होल्टेज देणाऱ्या गुंडाळीला, पाच हजारांवर टर्न होते, 34 गेजच्या तारेचे. मोठेबाबांकडे मोजणारं मशीन नव्हतं. सायकलच्या हबवर लाकडी ठोकळा बसवून ते हातानं फिरवायचे आणि तोंडानं मोजायचे. मध्येच उठावं लागलं तर आकडा विसरू नये म्हणून तिथल्याच कागदावर लिहून ठेवायचे. वाइंडिंगवाल्यानं ते कागद टेबलावर ओळीनं मांडले होते. तो उलटा सोडवत असल्यामुळे आधी शेवटचे, मग आधीचे.

4375 – दिवा लावला.

3960 – दादा आला, चहा. हा दादा म्हणजे माझे वडील. मोठेबाबा धाकट्या भावाला दादाच म्हणायचे.

3310 – कपिला व्याली, गोऱ्हा.

1180 – जेवण.

श्रोतेहो, मी त्या दुकानात स्टुलावर बसून ते कागद वाचले. बाहेर ट्रॅक्टर जात होते. कपिला आमची गाय. तिचा तो गोऱ्हा मला पक्का आठवतो. पांढरा, कपाळावर तांबडा ठिपका. मी तिसरीत होतो. पुढे तो मोठा बैल झाला, कितीतरी पोळ्यांना मी त्याची शिंगं रंगवली, आणि तोरणाखाली उभा असताना त्याची वेसण धरली. म्हणजे हा ट्रान्सफॉर्मर मी तिसरीत असताना भरला गेला. गावात वीज येऊन फार दिवस झाले नव्हते. मोठेबाबा आतल्या खोलीत 3310 वर थांबले, तार निसटू नये म्हणून ठोकळ्याला खुंटी लावली असेल, आणि गोठ्यात गेले. हात धुऊन परत आले आणि 3311 पासून पुढे सुरू केलं.

वाइंडिंगवाला माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "सर, 1180 वर जेवाले गेला मानूस, आन् येऊन एक टर्न चुकला नाई. मी मोजून पायलं."

त्यानं तो ट्रान्सफॉर्मर भरून दिला. टर्नला टर्न, तेच गेज, थराला थर. वॉर्निशमध्ये बुडवून, वाळवून. मजुरी पूर्ण घेतली, आणि मी ती एक रुपया कमी न करता दिली. आपल्याकडे डॉक्टरच्या फीवर कुणी घासाघीस करत नाही, पण हातकाम करणाऱ्या माणसाला "जरा कमी कर ना भाऊ" हे प्रत्येक जण म्हणतो. पाच हजार टर्न न चुकता भरणं ही विद्या आहे. शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना सोल्डरिंग आणि वाइंडिंग शिकवलं पाहिजे, हे मी नोकरीत असताना प्रत्येक सभेत म्हणायचो, आजही म्हणतो.

बाकीचं काम थोडक्यात सांगतो. इलेक्ट्रोलिटिक सगळे बदलले. जुने कागदी कॅपॅसिटरही बदलले, ते गळतातच. मायकाचे ठेवले, ते चांगले निघाले. कार्बनचे रेझिस्टर मोजून बघितले, किंमत वाढलेले काढून टाकले. 807 तोच, मूळचा. आणि एक गोष्ट दोनदा सांगतो. ट्रान्समीटर बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये सहाशे व्होल्ट भरून राहू शकतात. प्लग काढला म्हणजे संच मेला असं समजू नका. आधी कॅपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करा, मीटरनं शून्य बघा, मगच आत हात घाला. आणि तेव्हाही डावा हात खिशात. पुन्हा सांगतो, प्लग काढला तरी सहाशे व्होल्ट आत असतात.

लोक विचारतात, मोबाइलच्या दिवसांत हे कशाला? त्यांना सहसा डिसेंबर 2004 ची गोष्ट सांगितली जाते. त्सुनामी आली तेव्हा हॅम भारती प्रसाद आपल्या संचासह पोर्ट ब्लेअरलाच होत्या, आणि बाकी संपर्क तुटलेला असताना अंदमानातले निरोप त्यांच्या रेडिओवरून मुख्य भूमीवर पोचले. गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. पण प्रत्येक वेळी संकटाचं कारण दाखवावं लागतं हे मला पटत नाही. मोठेबाबा दिवसभर वावरात राबून रात्री मोर्स पाठवायची किल्ली हातात घेत आणि सिलोनमधल्या एखाद्या शिक्षकाला विचारत, तुमच्याकडे पाऊस कसा आहे. एवढं कारण मला पुरतं.

आता ट्रान्समीटर चालू झाला त्या सकाळचं सांगतो. रविवार होता. आधी सिरीजचा बल्ब, तो मंद झाला, मग सरळ वीज. ओसरीवर वाइंडिंगवाला येऊन बसला होता, त्याला बघायचंच होतं. योगायोगानं लाइट गेली नाही. तसं लोडशेडिंगमध्ये 40 मीटरचा पट्टा फार स्वच्छ ऐकू येतो, कारण गावातले सगळे चायनीज चार्जर आणि एलईडी बंद असतात. तेव्हा मी बॅटरीवरच्या रिसीव्हरवर नुसता ऐकत बसतो. तर मी किल्ली दाबली. सीक्यू, सीक्यू. तिसऱ्या हाकेला भोपाळकडच्या एका स्टेशनानं उत्तर दिलं.

आमच्यात आधी रिपोर्ट देतात. तुमचा आवाज किती समजतो, किती जोरात येतो, सूर कसा आहे. त्यानं पाठवलं, 579. आणि पुढे एक अक्षर जोडलं, सी. डा-डि-डा-डिट. सी म्हणजे सूर लचकतो आहे. किल्ली दाबली की व्होल्टेज किंचित बसतं, त्यानं ऑसिलेटरची, म्हणजे लहर तयार करणाऱ्या भागाची, फ्रिक्वेन्सी जराशी सरकते, आणि प्रत्येक टिंब चिमणीसारखं चिवचिवतं. हा दोष आहे. ऑसिलेटरला वेगळी, स्थिर वीज दिली की जातो, तासाभराचं काम. मला तसं सुचवलंही गेलं.

त्या रात्री मी मोठेबाबांची ट्रंक उघडली. तिच्यात क्यूएसएल कार्डं आहेत, म्हणजे बोलणं झाल्याची पोचपावती म्हणून हौशी लोक एकमेकांना पाठवतात ती पोस्टकार्डं. सिलोनचं, जपानचं, सोव्हिएत देशातली कितीतरी. मी एकेक करून रिपोर्टचा रकाना बघितला. 569 सी. 579 सी. 589 सी. जवळजवळ प्रत्येकावर सी.

दुसऱ्या दिवशी दारव्ह्याला गेलो तेव्हा कार्डं बरोबर नेली आणि वाइंडिंगवाल्याला दाखवली. भोपाळकडून आलेला कालचा रिपोर्टही दाखवला. त्यानं कार्डं टेबलावर मांडली, तशीच ओळीनं, जशी त्या दिवशी कागदं मांडली होती. बराच वेळ बघितलं.

म्हणाला, "मंग टर्न बरोबर बसले म्हना, सर."

नमस्कार.