लातूरकडचा डाळीचा खोका आणि कूलर

श्रोतेहो, नमस्कार.

खोके बंद करायचा गरम ग्लू, ज्याला बाजारात हॉट मेल्ट म्हणतात, त्याबद्दल आज बोलू. काडी असो की दाणे, तो साधारण १६० ते १८० अंशांना वितळवून लावतात आणि पुठ्ठ्यावर निवला की धरतो. खळीत पाणी असतं, ते वाळावं लागतं. यात पाणी नाहीच. हा ग्लू वाळत नाही, निवतो. एवढं कानात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे.

लातूरकडे तूरडाळीची पाकिटं खोक्यांत भरून पाठवणारं एक छोटं युनिट. मे महिना. सकाळी चिकटवलेल्या खोक्यांची थप्पी लावावी, तर संध्याकाळी तळाचे फ्लॅप उघडे आणि पाकिटं फरशीवर. मालक म्हणाला, ग्लूच भेसळीचा. दुसरा आणला, तरी तेच. कोणीतरी सांगितलं, आच वाढवा. ग्लू वितळवून सोडणारी गन २०० अंशांवर नेली. ग्लू पाण्यासारखा पातळ झाला अन् पुठ्ठ्यात मुरला. गनमध्ये उरला तो करपला, काळे कण नोझलमध्ये अडकले, दिवसभराचं काम बसलं. मग पुठ्ठ्यावर आळ आला आणि पुठ्ठेवाल्याशी भांडण झालं.

उलगडा केला लोडशेडिंगनं. वीज गेली की इन्व्हर्टरवर फक्त गन आणि एक बल्ब चालायचा. पॅकिंगच्या एका मावशी म्हणाल्या, "लाईट नसताना केलेला खोका उघडत नाही, बघा." सगळे हसले. पण थप्पी तपासली तर मावशींचं खरं! मग वीज गेल्यावर बंद काय पडत होतं? टेबलाजवळचा कूलर.

ग्लूची रेघ पडल्यापासून फ्लॅप मिटवायला ५ ते १० सेकंद मिळतात. कूलरच्या झोतात दुधावर साय धरावी तशी रेघेवर साय धरत होती. सायीवर दाबलेला फ्लॅप नुसता टेकतो, चिकटत नाही. शिवाय कूलरची ओल पुठ्ठ्याला. पुरावा उघडलेल्या खोक्यावरच होता: एका फ्लॅपवर गोल, चकचकीत, जशीच्या तशी रेघ आणि समोरचा फ्लॅप कोरा. जोड पक्का असेल तर ओढल्यावर कागद फाटून ग्लूबरोबर येतो. परत सांगतो, कागद फाटला तर जोड पक्का, ग्लू चकचकीत राहिला तर उशीर झाला.

कूलर बंद नाही केला. ४२ अंशांत माणसं काय शिजवायची? तोंड फिरवून झोत माणसांच्या पाठीवर घेतला, टेबलावर नाही. गन परत १७० वर आणली. भांडण मिटायला मात्र पुढचा महिना लागला.

आता थोडक्यात. गन ५ ते ७ मिनिटं तापू द्या. रेघ २ ते ३ मिलिमीटर जाड, ती बारीक केली की लवकर निवते. फ्लॅप लगेच मिटवा आणि ५ सेकंद दाबून धरा. नोझलमधून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे निघाले तर आच कमी आहे, नाहीतर गन फार लांब धरली आहे. डाळीची भुकटी आधी फडक्यानं पुसा. जेवणाच्या सुट्टीत गन तापत ठेवू नका, करपण्याची सुरुवात तिथंच होते.

ग्लू लागतो त्या जागी छपाईचं वॉर्निश नको, गुळगुळीत थरावरून ग्लू सालीसारखा निघतो. हल्ली खोक्याच्या फ्लॅपवरसुद्धा मालकाचा हात जोडलेला फोटो हवा असतो. चौकातले फ्लेक्स कमी पडले की काय! फोटो छापा, पण बाजूला.

उन्हात ताडपत्रीखाली उभ्या ट्रकमध्ये बाहेरच्याहून कितीतरी जास्त तापतं आणि साधा ग्लू तिथं परत मऊ पडतो. घेतानाच विचारा, जोड किती अंशांपर्यंत टिकतो. उन्हाळ्याच्या मालाला ६० च्या वरचाच घ्या.

आणि भाजलं तर? कातडीला चिकटलेला ग्लू ओढून काढू नका, कातडी सोबत येते. हात आहे तसाच २० मिनिटं नळाच्या गार पाण्याखाली धरा, मग दवाखाना गाठा.

नमस्कार.