मान खाली घालून पाहिलेला किल्ला

(पडदा काळा. आधी फक्त आवाज : एक तीक्ष्ण, नाकातला सूर आणि त्यामागे छोट्या ढोलाचा ठेका.)

सनई वाटली ना? मलाही वाटली होती. या वाद्याचं नाव ग्राल्या. लाकडी नळी आणि तोंडाशी दुहेरी पाती, म्हणजे सनईच्याच गोत्रातलं. हे वाजतंय स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅटलोनियात. एका छोट्या गावाच्या चौकात रविवारची सकाळ आहे, सुमारे दीडशे माणसं एकमेकांना चिकटून उभी आहेत आणि त्या गर्दीत कुठेतरी मीही आहे.

कॅमेऱ्यात मी दिसणार नाही. माझी मान खाली आहे. हनुवटी छातीला, छाती पुढच्याच्या पाठीला आणि दोन्ही हात वर करून त्याच्या खांद्यांवर रेटलेले. मागून असाच कोणीतरी मला दाबतोय. डोळ्यांसमोर घामाने भिजलेला निळा शर्ट, त्याखाली फरशीचा वीतभर तुकडा आणि त्यावर कोणाची तरी सुटलेली बुटाची नाडी.

आमच्या डोक्यावर माणसांचे सात थर उभे राहत होते. त्यातला एकही मी पाहिला नाही.

(दृश्य : दोन दिवस आधी. शुक्रवारची रात्र, पथकाची सरावाची जागा.)

मी लालबागचा. शाळेत असताना गोविंदा पथकात पाचव्या थराला होतो. वजन वाढत गेलं तसा थराथराने खाली येत गेलो आणि शेवटी बेसला लागलो. त्यामुळे स्पेनला जायचं ठरलं तेव्हा फ्लामेंको नको, बैल नको आणि ती टोमॅटोची होळीही नको, एवढं मनाशी पक्कं होतं. बैलांचा तर इथे प्रश्नच नाही. कॅटलोनियाच्या संसदेने 2010 मध्ये बैलझुंजींवर बंदी घातली. पुढे न्यायालयाने ती रद्द केली, तरी झुंजी काही परतल्या नाहीत. तारागोनातल्या बैलांच्या जुन्या रिंगणात आता दर दोन वर्षांनी ऑक्टोबरमध्ये मनोरे रचायची स्पर्धा भरते.

या मनोऱ्याला कॅटलान भाषेत म्हणतात कास्तेल. अर्थ, किल्ला. पथक म्हणजे कोल्या. आज अशी शंभराच्या आसपास पथकं आहेत. सराव संध्याकाळी, कामावरून सुटल्यावर. कोणी बघायला गेलं तर हाकलत नाहीत. उलट तुमच्या खांद्यांकडे बघतात आणि लगेच कुठे उभं राहायचं ते सांगतात. गर्दी जितकी जास्त तितकी त्यांना हवीच असते.

सर्वांत खालच्या या गर्दीचं नाव पिन्या. पाइनच्या झाडाचं ते खवल्याखवल्यांचं फळ असतं ना, ते पिन्या. वरून पाहिलं तर खरंच तसं दिसतं. मधोमध चारजण मनोऱ्याचे पाय, त्यांच्या बगलेत टेकू देणारे, मागून छाती लावून दाबणारे आणि मग बाहेर, बाहेर, बाहेर रांगा. चौघांच्या मधल्या पोकळीत एक बुटकासा माणूस उभा असतो. त्याला ‘सुई’ म्हणतात. चौघांचे चेहरे त्याच्याकडे, आणि अख्ख्या किल्ल्याचं वजन कोणत्या बाजूला कलतंय ते त्याला आधी कळतं.

हिशेबाची भाषा सोपी आहे. ‘चार-सात’ म्हणजे थराला चार माणसं, उंची सात थर. थराला एकच माणूस असेल तर त्याला पिलार म्हणतात. आपल्याकडे पथकं ‘चार एक्के’ लावतात, तीच जात.

(दृश्य, जवळून : काळं कापड. एक टोक ताणून धरलेलं.)

हे कापड नीट बघा. याचं नाव फाशा. काही मीटर लांब, जाड काळं सुती कापड. एकाने टोक ताणून धरायचं, टाचा रोवून, मागे झुकून. दुसऱ्याने आपलं टोक कमरेला लावून गोल गोल गिरक्या घेत त्याच्याकडे यायचं. प्रत्येक गिरकीला एक वेढा. पोहोचेपर्यंत बरगड्यांपासून माकडहाडापर्यंत माणूस आवळला जातो. कमरेला आधार मिळतो हे झालंच, पण वर चढणाऱ्याचं अनवाणी पाऊल याच वेढ्यांवर पडतं. फाशा म्हणजे पायरी. सैल असेल तर पायरी सरकणार.

माझ्याकडे फाशा नव्हता, पिन्याला लागत नाही. एका साठीच्या काकांनी फक्त माझी कॉलर तपासली आणि स्वतःच्या कॉलरचं टोक दातांत धरून दाखवलं. वरच्या थरांतले बरेचजण असंच करतात. खांद्यावर कापडाची चुणी राहिली तर तिच्यावरून पाय घसरतो, म्हणून चुणी दातांनी ओढून धरायची. मग काकांनी दोन बोटांनी माझी हनुवटी खाली दाबली आणि मोडक्या इंग्रजीत एकच वाक्य म्हणाले, “वर बघायचं नाही.”

वरून कोणी पडलं तर ते आमच्यावरच पडणार. मान वर असेल तर आमची मान जाणार आणि पडणाऱ्याला गादीही मिळणार नाही.

(दृश्य : रविवार. चौक. ग्राल्या वाजू लागते.)

मग आत उभ्या असलेल्या माणसाला वर काय चाललंय ते कळतं कसं?

कानाने. ही गोष्ट मला कोणत्याही पुस्तकात सापडली नसती. किल्ल्याचे खालचे थर जागेवर बसेपर्यंत वाद्यं गप्प असतात. तोवर नुसतं पथकप्रमुखाचं ओरडणं. मग सूर सुरू होतो. म्हणजे आता मागे फिरणं नाही. चाल ठरलेली आहे, ती किल्ल्याबरोबर पुढे सरकते. फरशीकडे बघत उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्या चालीवरून कळतं की वरची दोन मुलं बसली, त्यांच्यावर वाकणारं एक मूल आलं, आणि आता सर्वांत वरचं मूल चढतंय. त्या मुलाला म्हणतात अंशानेता. सहा-सात वर्षांचं पोर असतं. एका बाजूने चढतं, टोकावर पोहोचून हात वर करतं आणि दुसऱ्या बाजूने उतरू लागतं. हात वर गेला की ग्राल्याचा सूर उसळतो.

तो उसळला. चौकातून टाळ्या आल्या. माझ्या तोंडात ‘बोल बजरंग बली की’ अगदी आलं होतं. मी खांदे किंचित सैल सोडले.

शेजारच्या काकांनी कोपराने मला ढोसलं. चाल संपली नव्हती. दाब तसाच, उलट वाढलेला. दोन्ही हातांना कंप सुटला होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण आपल्या हंडीत एवढा वेळ कधी गेल्याचं आठवत नाही.

यांच्याकडे निकालासाठी दोन शब्द आहेत. मूल टोकावर पोहोचलं, हात वर झाला, तर किल्ला ‘चढवला’. सगळे थर न कोसळता खाली आले, तर ‘उतरवला’. स्पर्धेत चढवलेल्याला गुण कमी, उतरवलेल्याला जास्त. वर फोडायला काही नाही. हंडी नाही, दोर नाही, लोणी नाही. हात वर करायचा आणि घरी परत यायचं. आपल्याकडेही सलामी देऊन थर शिस्तीत उतरवणारी पथकं आहेत, त्याचा ती सरावही करतात. पण माइकवरचा माणूस थर मोजतो ते चढताना.

आणि कोसळला तर? त्याला इथे म्हणतात ‘ल्येन्या’, म्हणजे सरपण. सरपणाचा ढीग झाला, एवढंच. शब्दात थट्टा आहे, पण प्रकरण थट्टेचं नाही. 2006 मध्ये मातारोच्या पथकातली एक लहान मुलगी पडून दगावली. त्यानंतर वरच्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. आपल्याकडे 2017 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढवता येत नाही. इथे सहा वर्षांची मुलं चढतात आणि त्यांचे आईबाप बऱ्याचदा त्याच पिन्यात मान खाली घालून उभे असतात. मी स्वतः लहानपणी चढलेला माणूस, त्यामुळे मी काही बोलावं असं नाही. पण माझ्या मुलीला मी चढवलं नसतं. लाखांच्या बक्षिसासाठी डांबरी रस्त्यावर तर नाहीच.

(दृश्य : वाल्स. दगडी चौक, बाल्कन्यांमधून लटकणारी माणसं.)

हे सगळं जिथे सुरू झालं ते गाव वाल्स, तारागोनाजवळ. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे ‘व्हॅलेन्सियन लोकांचं नृत्य’ नावाचा एक नाच होता. नाचाच्या शेवटी नर्तक छोटासा मनोरा करत. मनोरा वाढत गेला आणि नाच गळून पडला. आज वाल्समध्ये दोन कोल्या आहेत, एक ‘जुनी’ आणि एक ‘तरुण’, आणि दोघींमध्ये विस्तव जात नाही. गाव भाजलेल्या कांद्याच्या पातीसाठीही प्रसिद्ध आहे, पण ती हिवाळ्यात. मी ऑक्टोबरच्या शेवटी गेलो, संत उर्सुलाच्या सणाला.

याच सणाला, 25 ऑक्टोबर 1981 रोजी, जुन्या कोल्याने नऊ थर लावले. विसाव्या शतकातले पहिले नऊ. गिनेस बुकात तो विक्रम वाल्सच्या नावावर राहिला, तो मोडला 2012 मध्ये ठाण्यात, जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने. तेव्हा आम्ही लालबागेत नाचलो होतो. नाचताना आम्हाला हे माहीत नव्हतं, की कॅटलोनियात दहावा थर 1998 मध्येच लागला होता. हे इथे एकाला सांगितलं तर तो हसला आणि त्याने विचारलं, “मग तुम्ही उतरवलात का?”

दहा थर शक्य झाले त्याचं मोठं कारण बायका. ऐंशीच्या दशकापर्यंत किल्ल्यावर फक्त पुरुष चढत. बायका आल्या आणि वरचे थर हलके झाले, पथकं दुप्पट झाली, पिन्या रुंदावला. 2010 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव गेलं. त्याचा फलक कुठेतरी असेल, मी शोधला नाही.

(दृश्य : नऊ थरांचा किल्ला. कॅमेरा हळूहळू वरून खाली येतो.)

या वेळी मी बाहेर होतो. अखेर वर बघायची मुभा होती. हात वर गेला, पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या, फोन खाली केले. माझ्या शेजारच्या आजी वर बघतच नव्हत्या. त्यांची नजर दुसऱ्या थरातल्या गुडघ्यांवर होती. ते गुडघे लटपटत होते. आधी कापडाला येते तशी बारीक थरथर, मग मोठी. वरची मुलं सरसर खाली घरंगळून आली. मग पाचवा थर, आणि चौथा निघायच्या आत सगळं मिटलं. आवाज मोठा नव्हता. पिन्याने सगळ्यांना आत घेतलं.

चौक गप्प. गर्दीतून एक हात वर आला, मग दुसरा. पथकप्रमुख नुसती मुलं मोजत होता. हेल्मेटवाली मुलगी कोणाच्या तरी खांद्यावर बसून बाहेर आली, रडली नाही, तिने पाणी मागितलं.

पाचेक मिनिटांत ते पुन्हा तयारीला लागले. एका पोरीचा फाशा सुटला होता. आधाराला जवळ कोणी नव्हतं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि कापडाचं टोक माझ्या हातात दिलं.

मी टाचा रोवल्या आणि मागे झुकलो. ती गिरक्या घेत येऊ लागली.

(ग्राल्या. पडदा काळा.)