माणूस हाताने उचलायचा नसतो

नमस्कार. या सभागृहात परिचारिका आहेत, आया आणि मावशी आहेत, वॉर्डबॉय आहेत. त्यांच्याइतकीच संख्या आहे घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं करणाऱ्यांची: सुना, मुली, मुलगे, स्वतःची सत्तरी जवळ आलेली असताना नवऱ्याला उठवणाऱ्या, बसवणाऱ्या बायका. मी व्यवसायोपचार तज्ज्ञ आहे, म्हणजे आजारानंतर रोजच्या हालचाली आणि कामं पुन्हा जमावीत यासाठी मदत करणं हे माझं काम. माझ्याकडे तुमच्यापैकी पुष्कळ जण येतात, पण येतात ते रुग्णाला घेऊन. स्वतःची कंबर महिनोन्महिने धरलेली असते, ती गोष्ट निघते जाता जाता, दाराशी. आज मला त्या कंबरेबद्दलच बोलायचं आहे.

किती वजन उचलणं सुरक्षित? अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये एक सूत्र सुधारून मांडलं. सगळं मनासारखं असेल, म्हणजे वस्तू शरीराला चिकटून असेल, धरायला नीट मूठ असेल, कंबर पिळली जात नसेल, तर मर्यादा २३ किलो. माणूस म्हणजे खोकं नव्हे. त्याला मूठ नाही, तो घाबरतो, मध्येच अंग सोडतो, नाहीतर घट्ट मिठी मारतो. म्हणून त्याच संस्थेतल्या थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये हे गणित रुग्णांसाठी पुन्हा मांडलं. उत्तर आलं साधारण १६ किलो, तेही परिस्थिती अनुकूल असताना. साठ किलोच्या माणसाचा नुसता एक पाय साडेनऊ किलोच्या आसपास भरतो. दोन्ही पाय एका वेळी उचलून पलंगावर ठेवलेत, की मर्यादा ओलांडलीच.

कारण साधं आहे. आपल्या पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटीमीटर मागे असतात. पलंगाच्या मधोमध झोपलेला माणूस तुमच्या मणक्यापासून अर्धा मीटर पुढे असतो. तो तोल सावरायला स्नायूंना वजनाच्या कितीतरी पट ओढावं लागतं आणि ती सगळी ओढ मणक्यांमधल्या चकतीवर दाबून बसते. त्यात आपण वाकतो आणि वाकलेल्या कंबरेतूनच खुर्चीकडे वळतो. उसण भरते ती बहुधा या वळण्यात.

‘दोघं मिळून उचलू’ हा आपला नेहमीचा उपाय. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात विल्यम मारास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हेच मोजून पाहिलं. रुग्ण साधारण ५० किलोची, सहकार्य करणारी. एकट्याने उचललं तर धोका मोठा निघाला, पण दोघांनी उचललं तरीही पाठीवरचा भार सुरक्षित ठरला नाही. म्हणून ‘गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा’ एवढं सांगून कोणी तुमचं प्रशिक्षण झालं म्हणत असेल, तर ते मला मान्य नाही. गुडघ्यात वाकणं चांगलंच, पण पलंगाची कड मध्ये आली की गुडघा वाकवायला जागाच उरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात परिचारिकांच्या संघटनेने १९९८ मध्ये रुग्णाला हाताने न उचलण्याचं धोरण स्वीकारलं, सरकारने साधनांसाठी पैसे दिले, आणि पाठीच्या दुखापती घटल्या. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या कलम ३४ ने इजा होईल एवढं ओझं कामगाराला उचलायला लावू नये असं बजावलं होतं. हा विचार कारखान्याच्या दारातून रुग्णालयाच्या वॉर्डात पोचलाच नाही, याचं मला मनापासून दुःख होतं.

मग करायचं काय? सरकवायचं. सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे स्लाइड शीट, घसरचादर म्हणा. छत्रीच्या कापडाच्या जातीचं गुळगुळीत नायलॉन, दोन पदरी किंवा नळीसारखं शिवलेलं. रुग्णाला कुशीवर वळवून ते पाठीखाली घालायचं, पुन्हा उताणं करायचं. आता एक पदर दुसऱ्यावर घसरतो आणि खाली ओघळलेला माणूस उशीकडे सहज सरकतो. सुती चादरीवर ओढताना त्याची कातडी माकडहाडाशी घासते आणि तिथेच शय्याव्रण धरतो, तेही टळतं. काम झालं की घसरचादर काढून घ्यायची, हे मात्र विसरू नका. ती अंगाखाली राहिली आणि माणूस कडेला आला, तर तो थेट जमिनीवर जाईल.

पलंगावरून खुर्चीत नेताना आपण काय करतो? काखेत हात घालून ओढतो आणि ‘माझ्या गळ्यात हात टाका’ म्हणतो. दोन्ही बंद करा. पक्षाघात झालेल्या माणसाचा खांदा स्नायूंच्या आधाराविना लोंबत असतो, काखेतून ओढलं की तो सांध्यातून निखळू लागतो. आणि गळ्यात पडलेल्या माणसाचा तोल गेला तर त्याचं सगळं वजन तुमच्या मानेवर येतं. त्याऐवजी त्याच्या कंबरेला मुठी असलेला रुंद पट्टा बांधा. खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला ठेवा, ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा. त्याला पलंगाच्या कडेला पुढे सरकवा, पावलं मागे घ्या, ‘नाक गुडघ्यांच्या पुढे’ म्हणा आणि त्याला स्वतः उठू द्या. पट्टा सावरण्यासाठी आहे, उचलण्यासाठी नाही. ज्याच्या पायात थोडी तरी ताकद आहे त्याला उचलणं म्हणजे ती ताकद वापरायची संधी काढून घेणं. मला हे पाठीच्या दुखण्याइतकंच गंभीर वाटतं.

पाय अजिबात धरत नसतील, तर होइस्ट हवा. रुग्णाच्या अंगाखाली झोळी घालून हातपंपाने किंवा मोटरने वर घेणारं हे यंत्र. ते आणण्याआधी पलंगाखाली वाकून बघा. होइस्टचे पाय पलंगाखाली जावे लागतात, आणि आपल्या घरांत असतो दिवाण किंवा सामान भरलेला बॉक्स पलंग, खालून पूर्ण बंद. यंत्र आलं आणि गॅलरीत कपडे वाळत घालायला उरलं, असं मी पाहिलं आहे. दोष घरच्यांचा नाही, विकणाऱ्याने घर पाहिलं नाही.

इथे मला ‘जयपूर फूट’ या कृत्रिम पायाची आठवण होते. १९६८ मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला. परदेशी धाटणीच्या पायाला बूट लागायचा, उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, चिखलात उतरता येत नसे. यांनी रबराचं पाऊल असं केलं की अनवाणी शेतात जाता यावं. लोकांनी तो पाय वापरला, कारण तो त्यांच्या बसण्या-उठण्याला जुळला.

काठीचंही तेच. दुकानातून आणलेली काठी बहुतेक घरांत जास्त उंच असते. चप्पल घालून, हात सैल सोडून उभं राहा; मुठीची उंची मनगटाच्या रेघेशी यायला हवी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. टोकाचं रबरी बूच झिजलं की त्याच आठवड्यात बदला, ओल्या फरशीवर सगळी भिस्त त्याच्यावर असते. वॉकर धरून वर ओढत उठायचं नाही, तो अंगावर उलटतो. खुर्चीचे हात दाबून उठायचं, मग वॉकर धरायचा. पलंग इतका बुटका असेल की बसल्यावर गुडघे खुब्यांपेक्षा वर येतात, तर पलंगाच्या पायांखाली खाच पाडलेले लाकडी ठोकळे घाला. तुमचंही वाकणं कमी होईल.

वॉर्डात साधनं असूनही वापरली का जात नाहीत? कारण ती स्टोअरमध्ये कुलपात असतात आणि किल्ली सिस्टरकडे. रात्रपाळीला दोघींवर पूर्ण वॉर्ड असताना कोण किल्ली शोधत बसणार? घसरचादर पलंगाच्या दांडीला लटकलेली असेल तरच वापरली जाईल. आणि खरेदी ठरवताना मावशींना विचारा. दिवसभर हात लावणारी ती असते, पण खरेदी समितीत तिला कोणी बोलावत नाही. घरात अडचण वेगळी. ‘आईला पट्टा बांधायचा?’ असं वाटतं. आईलाच बांधून विचारा. पडण्याची भीती कमी झाली की बहुतेक आया स्वतःच पट्टा मागतात.

पैशाचं म्हणाल, तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २०२४ पासून ६५ वर्षांवरच्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना एकदाच तीन हजार रुपये मिळतात. त्यात वॉकर किंवा कमोड खुर्ची येते, होइस्ट येत नाही. आपल्या गावोगावच्या रुग्णसाहित्य केंद्रांत खाट, व्हीलचेअर, हवेची गादी अनामत ठेवून मिळते. घसरचादर आणि कंबरपट्टा मला तिथे क्वचितच दिसले. केंद्र चालवणारे कोणी इथे असतील तर माझी कळकळीची विनंती: खाट देताना हे दोन्ही सोबत द्या आणि दहा मिनिटं वापरून दाखवा.

आता बोलणं पुरे. मंचावर पलंग आणि खुर्ची मांडली आहे. ज्यांच्या घरी उजवी बाजू गेलेला रुग्ण आहे, त्यांनी आधी पुढे या. एकाने रुग्ण व्हायचं, एकाने पट्टा धरायचा.