पोटात फुलपाखरं की पोटात गोळा?

श्रोतेहो, नमस्कार. कर्करुग्णांच्या मनाची अवस्था मोजणारी प्रश्नावली मराठीत कशी आणायची किंवा नवी कशी करायची, ते आज बघू.

केमो चालू असलेल्या बाईला विचारलं, ‘झोप लागते का? भूक आहे का? थकवा येतो का?’ तर तिन्ही उत्तरं वाईटच येणार. पण ती औषधाची करणी. मन खचलंय का, हे त्यातून कळत नाही. नैराश्य मोजणाऱ्या नेहमीच्या प्रश्नावल्या कर्करुग्णांच्या बाबतीत इथंच फसतात. म्हणून १९८३ साली झिगमंड आणि स्नेथ यांनी रुग्णालयांसाठी ‘हॅड्स’ ही १४ प्रश्नांची मोजपट्टी केली, तेव्हा अशी शारीरिक लक्षणं मुद्दाम बाजूला ठेवली. सात प्रश्न चिंतेचे, सात नैराश्याचे, प्रत्येकाला ० ते ३ गुण. एका गटात ११ किंवा जास्त आले, तर तज्ज्ञांनी बघायला हवं. तरी ‘मंदावल्यासारखं वाटतं’ हा प्रश्न त्यात राहिलाच. केमोत कोण मंदावत नाही?

ही इंग्रजी मोजपट्टी मराठीत आणायची, तर शब्दाला शब्द ठेवून चालत नाही. तिच्यात भीतीनं पोटात ‘फुलपाखरं’ उडतात. आपल्या पोटात गोळा येतो. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, मग बसून एक मसुदा ठरवायचा. मूळ न पाहिलेल्या दोघांकडून त्याचं उलट इंग्रजी करून घ्यायचं. शेवटी दहा-पंधरा रुग्णांना वाचून दाखवून विचारायचं, ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ घाईत हाच टप्पा गाळला जातो, आणि खरे दोष नेमके इथंच सापडतात. सोलापुरात तर पूर्वभागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोटकडं कन्नड. व्यवहार मराठीत चालतो, पण जिवाचं दुखणं घरच्या भाषेतच बाहेर पडतं. त्या भाषांची प्रश्नावली वेगळी तपासायला हवी.

नवी प्रश्नावली करायची असेल, तर आधी रुग्णांचं बोलणं टिपा: ‘कशात जीव रमत नाही’, ‘पोरांवर भार झालोय’. एका वाक्यात एकच गोष्ट ठेवा. ‘काळजी आणि राग येतो’ याला उत्तर काय देणार? नुसतं दुःख मोजू नका. नातवाशी खेळावंसं वाटतं का, हेही विचारा. काळ ‘गेल्या आठवड्यात’ असा बांधून द्या. वाचता न येणाऱ्यांना चार पर्याय ऐकून लक्षात राहत नाहीत. रिकामा, थोडा, अर्धा आणि भरलेला असे चार पेले काढून दाखवा.

आणखी एक. पुष्कळ घरांत रुग्णापासून आजाराचं नाव लपवलेलं असतं, म्हणून प्रश्नांत ‘कॅन्सर’ शब्द नको, ‘आजारपण’ पुरे. मुलगा शेजारी बसला की आई ‘देवाच्या दयेनं बरं आहे’ म्हणणार. त्याला चहाला पाठवा.

२० प्रश्न असतील, तर चाचणीला निदान १००-२०० रुग्ण लागतात. प्रश्नांचा आपसातला मेळ सांगणारा ‘अल्फा’ हा आकडा ०.७ च्या वर हवा, ०.९५ च्या वर गेला, तर एकच प्रश्न फिरवून विचारलाय असं समजा. आठवड्या-दोन आठवड्यांनी तीच माणसं पुन्हा तपासा, मात्र मध्ये केमोचा डोस आला, तर फरक प्रश्नावलीचा की औषधाचा, ते कळणार नाही.

आणि ‘जगणं नको वाटतं’ हा प्रश्न घालणार असाल, तर होकार आल्यावर त्याच दिवशी कुणाकडं न्यायचं ते आधी ठरवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फॉर्मवरच छापा.

नमस्कार.